मॅग्मातून आधी काय बाहेर पडतं, त्यावर सगळं ठरतं

बसाल्टचा मॅग्मा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा रस, जमिनीखाली निवायला लागला की तो काही एकदम गोठत नाही, साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक वेळा आधी ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचे स्फटिक तयार होतात, त्यात सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) असते जेमतेम ४० टक्के आणि मॅग्मात असते ५० च्या जवळपास, म्हणजे ऑलिव्हिन वेगळं झालं की उरलेल्या रसातलं मॅग्नेशियम घटतं आणि सिलिका थोडी चढते. हे स्फटिक रसापेक्षा जड, तळाला जातात, खडकांचा अभ्यासक बोवेन याने १९१५ मध्ये प्रयोगशाळेत हे करून दाखवलं होतं.

इथपर्यंत सगळ्यांना शिकवतात. पण खरी गंमत लोखंडाची आहे आणि तीच गाळली जाते याचं मला फार वाईट वाटतं! बोवेन म्हणायचा की रस सिलिकाकडे जाणार, त्याच्याच प्रयोगशाळेतला फेनर म्हणायचा की नाही, आधी लोखंड वाढणार. मग वेगर आणि डीअर या भूवैज्ञानिकांनी १९३९ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या स्केअरगार्डचं, म्हणजे जमिनीखाली निवलेल्या एका मोठ्या मॅग्माच्या साठ्याचं, सविस्तर वर्णन छापलं, तिथे गॅब्रोचे (जमिनीखाली सावकाश निवलेल्या, बसाल्टसारख्याच पण जाड कणांच्या खडकाचे) थरावर थर आहेत आणि जसजसं वर जावं तसतसं ऑलिव्हिनमधलं मॅग्नेशियम जाऊन लोखंड येत जातं, म्हणजे तिथे फेनरचं म्हणणं बरंच खरं निघालं.

मग सिलिका कधी वाढते? तर मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं खनिज, आलं की. त्यात सिलिका जवळजवळ नसतेच, ते निघालं की लोखंड उतरतं आणि सिलिका भराभर चढते. स्केअरगार्डमध्ये ते उशिरा आलं. बेटांच्या कमानींखाली (ज्वालामुखी बेटांच्या वळणदार रांगांखाली) मॅग्मात पाणी जास्त, ऑक्सिडेशनही जास्त, तिथे ते लवकर येतं, म्हणून तिथे अँडेसाइट, डेसाइट असे जास्त सिलिकाचे खडक मिळतात. माझ्या मते बोवेनची सिरीज (कोणतं खनिज कशानंतर येतं तो क्रम) पाठ करण्यापेक्षा एवढं कळलं तरी पुष्कळ.

हे सगळं एकाच स्फटिकात बघायचं असेल तर प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार जातीचं खनिज घ्या, पोलराइज्ड प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली दोन्ही पोलरायझर आडवे लावून स्टेज (नमुना ठेवायची तबकडी) फिरवली की त्याचे पट्टे एकामागून एक काळे होत जातात, सहसा मधे कॅल्शियम जास्त आणि कडेला सोडियम, रस बदलत गेला तशी त्याची नोंद होत गेलेली.

आणि अगदी शेवटी उरलेला लोखंडी रस कधीकधी चक्क फाटतो, एक भाग लोखंडाचा आणि एक सिलिकाचा, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. अपोलो ११ ने आणलेल्या चंद्रावरच्या बसाल्टमध्येसुद्धा गोठून काच झालेल्या अशा दोन रसांचे बारीक थेंब सापडलेत.