मर्सोच्या तळघरात

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बोन शहराहून मर्सो हे वाईनचं गाव सायकलवर तासाभराचं अंतर. मला दीड तास लागला, कारण दर दोन वळणांनी मी फोटो काढायला थांबत होतो. वाटेत पोमार आणि व्होलने लागतात. ही दोन्ही गावं रेड वाईनची. व्होलने मागे पडलं, की त्याच उतारावर, तशाच चुनखडीच्या मातीत, शार्दने या व्हाइट वाईनच्या द्राक्षाचं राज्य सुरू होतं. इथल्या पेरियेर या नावाजलेल्या मळ्याचं नावच मुळी दगडाच्या खाणींवरून पडलंय.

मर्सोची व्हाइट वाईन मी पूर्वी एकदाच प्यायलो होतो. लोणी, भाजलेले हेझलनट आणि मागून हलकासा व्हॅनिला. हे सगळं ओकच्या पिंपातून येतं, अशी माझी ठाम समजूत होती.

तळघर दाखवणाऱ्या बाईंनी ती पाच मिनिटांत मोडीत काढली. त्यांनी एका पिंपाचं बूच उघडलं आणि वाकडी सळई आत घालून ढवळलं. काचेच्या नळीतून ग्लासात आलेली वाईन पार गढूळ होती. आंबवण झाल्यावर मेलेलं यीस्ट तळाशी बसतं, ते उपसून टाकत नाहीत. वाईन महिनोनमहिने त्याच गाळावर मुरते आणि अधूनमधून तो असा ढवळतात. वाईनचा तो भरलेपणा गाळाचा. लोण्याचा वास जिवाणूंचा: ते वाईनमधल्या आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या खटपटीत डायअसिटाइल नावाचं द्रव्य तयार होतं. लोण्याचा वास तोच.

मग लाकूड करतं काय? बाईंनी शेजारीशेजारी दोन ग्लास ठेवले. एकाच मळ्याची, एकाच वर्षाची वाईन. एक नव्या पिंपातली, एक जुन्या. नव्यातलीला व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास मारत होता, द्राक्ष कुठे शोधावं लागत होतं. जुन्यातली मात्र मोकळी, लिंबासारखी तरतरीत. जुनं पिंप चव फारशी देत नाही, फक्त हवेला थेंबाथेंबानं आत येऊ देतं. मला विचाराल तर पिंप जुनंच बरं.

पिंपं 228 लिटरची. ओक फ्रान्समधलाच, त्रोंसेसारख्या जंगलांतला. 17 व्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानं ते जंगल राखलं ते जहाजांच्या लाकडासाठी. जहाजं लोखंडाची झाली, झाडं पिंपवाल्यांच्या कामी आली! लाकूड करवतीनं कापत नाहीत, रेषेच्या बाजूनं फोडतात, नाहीतर पिंप गळतं. मग फळ्या दोन-तीन वर्षं उन्हापावसात पडून राहतात, म्हणजे कडवटपणा धुऊन जातो. पिंप उभं करताना मध्ये शेकोटी पेटवतात. व्हॅनिला, धूर, टोस्ट हे वास त्या शेकण्यानं फुलतात. मी एका रिकाम्या पिंपाच्या तोंडाशी नाक नेलं, तर थेट बेकरीच.

शेवटी बाईंनी दहा वर्षांची एक बाटली फोडली. रंग जुन्या पितळेसारखा. लाकूड वेगळं ओळखूच येईना, उरले होते ते हेझलनट आणि मध. बाईंनी थुंकायचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. आधीचे तीनही घोट मी शहाण्यासारखे थुंकलो होतो. हा गिळला, मग ग्लासही संपवला आणि व्होलनेचा चढ सायकल हातात धरून चालत काढला.