जुनी विज्ञान मालिका विकत घेताना: आधी आवृत्ती, मग नाव

टीव्हीवरच्या जुन्या विज्ञान मालिकेचा डिस्क संच हातात आला की आधी तो उलटा करून पाठ बघायची. तिथे बारीक अक्षरांत एकूण मिनिटं छापलेली असतात, आणि पुढच्या बाजूवरच्या सगळ्या मजकुरापेक्षा तो आकडा जास्त कामाचा. एकाच नावाखाली पूर्ण मालिका असते, शाळांसाठी छाटलेली असते, दुसऱ्या देशातल्या प्रक्षेपणासाठी निवेदक बदललेलीही असते.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची १९८० ची ‘कॉसमॉस’ घ्या. १३ भाग, प्रत्येक साधारण तासाभराचा. पुढे ती व्यावसायिक वाहिन्यांवर गेली तेव्हा भाग आखूड केले गेले. त्यामुळे ‘१३ भाग’ एवढं वाचून भागत नाही, बेरीज ७८० मिनिटांच्या आसपास जाते का ते बघावं लागतं. विज्ञान मालिकेला कात्री लागली की युक्तिवादाची मधली पायरी जाते आणि निष्कर्ष तेवढा उरतो. अशी आवृत्ती फुकट मिळाली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेली फिल्म पाल पद्धतीत (युरोप, भारत इथली जुनी टीव्ही पद्धत) २५ चौकटींनी चालवतात, म्हणजे साधारण ४ टक्के जास्त वेगाने. ६० मिनिटांचा भाग ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. यात काहीही कापलेलं नसतं. मिनिटं कमी दिसली तर त्यांना २५ ने गुणून २४ ने भागायचं. मूळ लांबी आली तर प्रश्न मिटला. ४४-४५ मिनिटांचा भाग मात्र या हिशेबात बसत नाही, तो कापलेलाच. संगीताचं तसं नाही, ते मिनिटांवरून कळत नाही. प्रक्षेपणासाठी घेतलेले हक्क डिस्कसाठी पुरत नाहीत, मग तिथे दुसरंच संगीत बसवलं जातं. हे विक्रेत्याला विचारूनच घ्यावं.

आता टीव्ही पद्धत. एनटीएससीमध्ये (अमेरिका, जपान इथली जुनी पद्धत) चित्राच्या ४८० रेषा आणि सेकंदाला जवळपास ६० फील्ड, म्हणजे एकाआड एक रेषांची अर्धी चित्रं, पालमध्ये ५७६ रेषा आणि ५० फील्ड. मालिका ज्या पद्धतीत तयार झाली त्याच पद्धतीतली डिस्क घ्यायची, हा माझा पहिला नियम. ब्रिटनमध्ये व्हिडिओ टेपवर झालेल्या कार्यक्रमाचं एनटीएससीत रूपांतर करताना फील्ड एकमेकांत मिसळावी लागतात. निवेदक हात हलवत असताना चित्र थांबवून बघा: एका हाताच्या जागी दोन फिकट हात दिसले, तर रूपांतर झालंय. हे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट सुटत नाही. हलणाऱ्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर मात्र घाबरायचं कारण नाही. ते इंटरलेस, म्हणजे दोन फील्ड एकमेकांत गुंफलेलं चित्र आहे, प्लेअरमधलं डीइंटरलेसिंग चालू केलं की जातं. व्हीएलसी या संगणकावरच्या मोफत प्लेअरमध्ये त्यासाठी मेनूत पर्याय आहे, ‘याडिफ २एक्स’ निवडा.

डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा विभागाचा कोड वेगळा पाहायचा. डीव्हीडीसाठी अमेरिका आणि कॅनडा १, पश्चिम युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, भारत ५. कोड शून्य असेल तर डिस्क कुठेही चालते, फक्त प्लेअरला ती टीव्ही पद्धत पेलली पाहिजे. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो, शेवटचा कायम राहतो. उगाच बदलत बसू नका.

डिस्कची संख्याही बोलते. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात. त्यात एक-एक तासाचे दोन-तीन भाग ऐसपैस बसतात. तेच पाच भाग कोंबले की धूर, पाणी, तारकांनी भरलेलं आकाश अशा दृश्यांत चौकोनी ठोकळे उमटतात, आणि विज्ञान मालिकेत नेमकी तीच दृश्यं जास्त. १३ तासांची मालिका तीन डिस्कवर विकायला असेल तर मी पुढे बघतही नाही.

ब्लू-रे म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नका. १६ मिमी फिल्म नव्याने स्कॅन केली असेल तर फरक डोळ्यांत भरतो. पण त्या काळातले बरेच कार्यक्रम, निदान त्यांतले विशेष परिणाम, टेपवरच पूर्ण झाले. तिथे मोठं केलेलं जुनंच चित्र मिळतं, त्यात चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. दुसरी तपासणी आकाराची: मूळ चित्र ४:३ असताना पडदाभर १६:९ दिसत असेल आणि ताणलेलं नसेल, तर वर-खालचं मिळून २५ टक्के चित्र कापलेलं आहे. आकृत्या आणि त्यांखालची नावं त्यातच जातात.

जुन्या अमेरिकी डीव्हीडींवर ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन्स) लिहिलेलं असतं, पण मेनूत सबटायटल्स नसतात. ती अक्षरं चित्राच्या संकेतातच दडलेली असतात आणि एचडीएमआयवरून टीव्हीला पोहोचत नाहीत. पिवळ्या पिनेच्या वायरने टीव्हीला जोडा किंवा व्हीएलसीत सबटायटल्सच्या यादीतून क्लोज्ड कॅप्शन्स निवडा.

व्हीएचएस घ्यायची ती दुसरीकडे कुठेच मिळत नसेल तर. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे, ती टेप यंत्रात घालायचीच नाही. यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या हेडला लागली की पुढच्या टेपवरही जाते. स्वच्छ टेपही आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून मग लावावी, म्हणजे ताण सारखा होतो.

डिस्क हातात आली की दिव्याखाली तिरकी धरायची. खालची बाजू जांभळट दिसली तर ती घरी लिहिलेली प्रत आहे. मधल्या छिद्राभोवती केसासारखी चीर असेल तर परत करा, ती वाढतेच. बारीक ओरखड्यांचं फारसं काही नसतं, गोलाकार जाणारा खोल ओरखडा मात्र वाईट. दोन थर चिकटवलेले असतात, ते सुटायला लागले की बाहेरच्या कडेवर ढगाळ डाग येतो. लेझर आतून बाहेर वाचत जातो आणि दोन थरांच्या व्हिडिओ डिस्कमध्ये बहुधा कडेजवळून परत आत वळतो, म्हणून कडेची खराबी कार्यक्रमाच्या मध्यावर उघडी पडते. परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक डिस्क मध्याच्या दहा मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंत लावून बघा. थर बदलताना क्षणभर थबकणं चालतं, चित्र गोठून पुढे उडी मारणं चालत नाही.