पंधरा मायक्रॉनचा पुरावा

हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातला तुकडा मायक्रोस्कोपखाली तपासून आजार ओळखण्याच्या शाखेत, काम करणाऱ्याला पेशंट भेटत नाही, त्याचा तुकडा भेटतो. फॉर्मॅलिनच्या डबीत दोन-तीन मिलिमीटरचा ऐवज, सोबत एक फॉर्म. फॉर्मवर वय आणि "जुनाट जुलाब, कोलायटिस?" (म्हणजे मोठ्या आतड्याला सूज?) एवढंच खरडलेलं. कुठली औषधं चालू आहेत, वजन उतरलंय का, हे लिहिताना आमच्या क्लिनिकल मंडळींच्या पेनातली शाई हमखास संपते. आपण फोन करावा आणि पलीकडून "ओपीडीत आहे, नंतर बोलू" ऐकावं, हा नेहमीचा शिरस्ता.

म्हणून त्या दिवशीचा फॉर्म बघून मी चाटच पडले. उजव्या आणि डाव्या कोलनच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या, वेगवेगळ्या डब्या, आणि खाली सुवाच्य अक्षरात: स्त्री, वय ५८. सहा वर्षं पाण्यासारखे जुलाब, रात्रीसुद्धा. गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या, जोडीला ॲसिडिटीची गोळी. आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम, आतड्यात दोष न दिसता पोट बिघडतं तो विकार) म्हणून उपचार चालू. आधीची कोलोनोस्कोपी नॉर्मल, बायोप्सी घेतलेली नाही. आताचीही नॉर्मल दिसतेय. मायक्रोस्कोपिक कोलायटिस (फक्त मायक्रोस्कोपखाली दिसणारी सूज) असेल का? गॅस्ट्रोचा डॉक्टर नुकताच रुजू झालेला पोरगा. देव त्याचं भलं करो आणि त्याचं अक्षर असंच राहो.

आयबीएसचा त्रास सहसा माणसाला गाढ झोपेतून उठवत नाही. रात्री उठून पळावं लागत असेल तर दुसरं कारण शोधायचं, हे शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं. तरी या बाईंना सहा वर्षं "टेन्शन घेऊ नका" सांगितलं गेलं.

आता स्लाइडबद्दल, कारण इथे आमचं कसब आहे आणि ते कुणाला दिसत नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरात नळ्यांसारख्या ग्रंथी शेजारी शेजारी उभ्या असतात. त्यांच्यावर पेशींचा एक थर, आणि त्या थराखाली कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाची बारीक रेघ. निरोगी आतड्यात ती जेमतेम तीन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मुद्दाम शोधावी तेव्हा सापडते. पण तुकडा मेणात तिरपा बसला आणि मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, तिरपा कापला गेला, की हीच रेघ खोटी जाड दिसते आणि नवखा फसतो. म्हणून तुकडा उभा बसवणारा टेक्निशियन हवा. आमच्याकडे तसा एक आहे, आणि त्याला पगार देताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग स्लाइडवर अशी जागा शोधायची जिथे दोन-तीन ग्रंथी वरपासून तळापर्यंत सलग कापल्या गेल्यात, आणि तिथेच मोजायचं. फूटपट्टी तिथेच असते: शेजारच्या केशवाहिनीतली तांबडी पेशी, साधारण सात मायक्रॉनची. रेघ तिच्या दुपटीला पोचली म्हणजे चौदा-पंधरा झाली. दहाच्या पुढे कोलॅजेनस कोलायटिस, मायक्रोस्कोपिक कोलायटिसचाच एक प्रकार.

उजव्या कोलनमध्ये रेघ नव्हतीच, पट्टा होता. कोलॅजेन दाखवणाऱ्या मॅसन ट्रायक्रोम रंगाने रंगवून घेतला तेव्हा तो निळाशार उठून आला. त्यात बारीक रक्तवाहिन्या अडकलेल्या, आणि वरच्या पेशी ओल धरलेल्या भिंतीच्या पोपड्यांसारख्या सुटत चाललेल्या. कोलोनोस्कोपीच्या दुर्बिणीतून यातलं काही दिसत नाही. हा आजार पहिल्यांदा वर्णन केला तोही एका पॅथॉलॉजिस्टने, स्वीडनच्या लिंडस्ट्रॉमने, १९७६ साली. दुर्बीणवाल्यांना मी हे अधूनमधून ऐकवते.

रिपोर्ट गेला. आणि बाई रिपोर्ट हातात घेऊन थेट लॅबमध्ये.

"मॅडम, यात जे लिहिलंय ते मला बघायचंय."

"ताई, डॉक्टर तुम्हाला नीट समजावून सांगतील."

"समजलंय मला. बघायचंय."

रिपोर्टाबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरनेच बोलावं, असा आमच्याकडे नियम आहे आणि तो बरोबरच आहे. तरी मी त्यांना दोन जणांनी बघायच्या मायक्रोस्कोपवर बसवलं. आयपीसला डोळा लागायला वेळ गेला, आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या.

"निळं दिसतंय ते?"

"तेच."

"किती जाड आहे?"

"पंधरा मायक्रॉन."

"म्हणजे जास्त?"

"असायला हवा त्याच्या पाचपट."

त्या दाराकडे वळल्या. तिथे यजमान फाइल घेऊन अवघडून उभे होते. "ऐकलंत? पाचपट आहे." मग मला, "फोटो काढू का मॅडम? घरच्या ग्रुपवर टाकते." मोबाइल आयपीसला टेकवून मीच काढून दिला.

निघताना त्यांनी विचारलं, मागच्या तपासणीत हे दिसलं असतं का. मी सांगितलं, तेव्हा तुकडा घेतलाच नव्हता. एवढंच. खरं तर चिघळलेले पाणीदार जुलाब असताना अस्तर गुळगुळीत दिसलं म्हणून बायोप्सी न घेता दुर्बीण बाहेर काढणं म्हणजे काम अर्धवट टाकून उठणं. पाच मिनिटांचं काम. माझं हे मत मागच्या तपासणीवाल्यांना माहीत आहे, ते माझ्याशी बेतानेच बोलतात.

बाईंना मी एक गोष्ट मात्र सांगितली नाही, आणि तीच डोक्यातून जात नाही. पट्टा किती जाड आहे यावरून त्रास किती आहे हे ठरत नाही. अकरा मायक्रॉनवाला घराबाहेर पडू शकत नाही आणि तीसवाला फिरत असतो, असंही होतं. त्या फोटोने आजार सिद्ध झाला. सहा वर्षं लग्नकार्यं चुकवली, प्रवासात उपाशी बसल्या, कुठेही गेल्या की आधी संडास कुठे ते पाहिलं, यातलं काहीच त्या निळ्या पट्ट्यात नाही. घरच्यांना मात्र तोच लागत होता.

त्याच ट्रेमध्ये एका सव्वीस वर्षांच्या मुलाची बायोप्सी होती. पोटदुखी, कधी जुलाब, कधी कुंथणं. अस्तर खरोखर निर्दोष. त्याला बहुधा आयबीएसच असेल. त्याचं निदान लक्षणांवर होतं, अशा विकारांसाठी ठरवलेल्या २०१६ च्या रोम निकषांनुसार: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी दुखणं, आणि ते शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या तऱ्हेशी जोडलेलं. आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला, नसा नको इतक्या हळव्या. दुखणं खरं, पण माझ्या काचेवर उमटत नाही. तो ग्रुपवर कसला फोटो टाकणार?

तेव्हापासून अशा रिपोर्टखाली मी एक ओळ घालते: "तुकड्यात दोष नसला तरी आतड्याच्या कार्याचा विकार यामुळे नाकारला जात नाही." आमचे विभागप्रमुख म्हणतात, पॅथॉलॉजिस्टने दिसेल ते लिहावं, समुपदेशन करू नये. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. ओळ अजून आहे.

या आजाराला खतपाणी घालू शकतात म्हणून बाईंची वेदनाशामकं बंद झाली, ब्युडेसोनाइड ही स्टेरॉइडची गोळी सुरू झाली आणि थोड्याच आठवड्यांत पोट जाग्यावर आलं. गोळी थांबवली तसं पुन्हा सुरू. निम्म्याहून जास्त जणांचं असंच होतं, मग कमी डोसवर ठेवावं लागतं. यातून आतड्याचा कॅन्सर होत नाही, हे डॉक्टरने त्यांना नीट सांगितलं होतं. रिपोर्टची दुसरी प्रत न्यायला आल्या तेव्हा विचारत होत्या, पट्टा आता किती उरलाय ते बघता येईल का. म्हटलं, त्यासाठी परत तुकडा कशाला? दिवसाला तीनपेक्षा कमी वेळा, त्यात पातळ एकापेक्षा कमी, अशी आठवड्याची सरासरी पडली तर आजार आटोक्यात. वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

"ते तर मी पहिल्यापासून मोजतेय मॅडम," त्या म्हणाल्या. "विचारलं कुणी नाही."