तुम्ही विचारलंत म्हणून: फिरायच्या वाटेत दफनभूमी कशाला?

शहरात पायी फिरण्यासाठी वाटा आखणं हे माझं काम. सुरुवात कुठून करायची, सावली कुठे मिळेल, बसायला कुठे टेकता येईल, हे नकाशावर ठरवायचं आणि मग स्वतः चालून पाहायचं. अशा वाटेत एखादी जुनी दफनभूमी आली की कोणीतरी विचारतंच, "ही मधेच कशाला घेतलीत? वळसा घालता आला नसता का?" विचारणाऱ्याच्या आवाजात कधी भीती असते, कधी नुसता अवघडलेपणा. दोन्ही मला समजतं.

वळसा घालता येतो. तरी मी वाट आतूनच नेते.

साधं कारण आधी सांगते. जुन्या शहरात वाहनं नसलेली, मोठ्या झाडांची, बांधकामातून वाचलेली सलग जमीन शोधायला गेलात तर ती बहुतेक वेळा दफनभूमीचीच निघते. हॅम्बुर्गची ओल्सडॉर्फ दफनभूमी १८७७ साली सुरू झाली. ती जवळजवळ ३९० हेक्टरांची आहे, इतकी मोठी की आतून बस धावते. कोपनहेगनच्या आसिस्टन्स दफनभूमीत लोक दुपारी गवतावर पुस्तक वाचत पडलेले असतात, काही वाटांवरून सायकली जातात, आणि त्याच आवारात परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन आणि भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांची थडगी आहेत.

आणि ही काही आजची टूम नाही. बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न दफनभूमी १८३१ साली तिथल्या उद्यानविद्या मंडळाच्या पुढाकाराने झाली. वळणाच्या वाटा, तळी, टेकडी, वाटांना झाडाफुलांची नावं. लोक तिथे चक्क फिरायला जाऊ लागले, कारण एवढी मोठी सार्वजनिक बागच तेव्हा जवळपास नव्हती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा निवडला गेला तो १८५८ मध्ये. दफनभूमीतली ती गर्दी दाखवूनच शहरांना बागा हव्यात असं अमेरिकेत त्याआधी मांडलं गेलं होतं. मृतांच्या जागेने जिवंतांना बाग दिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण मला खरी ओढ आहे ती दगडांची. काही जुन्या संगमरवरी शिलांवर शिशाची अक्षरं बसवलेली असतात. बसवली तेव्हा ती दगडाशी अगदी सपाट होती. आज त्यांच्यावरून बोट फिरवा, नख अडकतं. अक्षरं वर आलेली नाहीत, दगड खाली गेलाय. पावसात मुळातच थोडा आम्लपणा असतो, कोळशाच्या धुराने तो वाढतो, आणि संगमरवर त्यात विरघळत जातो, शिसं टिकतं. शिलेवर साल कोरलेलं असतं, म्हणून दगड किती वर्षांत किती झिजला हे मोजता येतं. त्या गावच्या हवेची नोंदच ती. दगडफुलाचंही तसंच: शिलेचं साल माहीत असल्यामुळे त्याच्या ठिपक्याच्या रुंदीवरून ते किती सावकाश वाढतं, हे काढता येतं.

शिवाय नावं. चौकातले पुतळे कोणाचे असतात, ते तुम्हाला माहीत आहे. इथे मात्र दाई असते, खलाशी असतो, नऊ दिवसांचं बाळ असतं. शहराच्या इतिहासात ज्यांना एक ओळही मिळाली नाही, त्यांचं नाव निदान एका दगडावर आहे आणि जाणारायेणारा ते वाचतो.

आता अवघडलेपणाबद्दल, कारण तो खोटा नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गटाला एका सुंदर कोरीव शिलेपाशी थांबवून उत्साहाने माहिती सांगत होते. दोन ओळी पलीकडे एक बाई ओल्या फडक्याने एक नवी शिला पुसत होत्या. आमचा आवाज वाढला तसा त्यांचा हात थांबला. त्यांनी फडकं पिळलं, घडी करून पिशवीत ठेवलं आणि त्या निघून गेल्या. अर्धी शिला ओली, अर्धी कोरडी. ती शिला अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून दफनभूमी माझ्या वाटेत असते, पण ती बघायचं ठिकाण म्हणून नसते. आत गट थांबत नाही. जे सांगायचं ते फाटकाबाहेर. अंत्यविधी चालू असेल तर आम्ही मागे फिरतो. नव्या थडग्यांच्या बाजूने वाट जातच नाही. भुताखेतांच्या गोष्टी कोणी कितीही मागितल्या तरी नाहीत. आणि ती जागा ज्यांची आहे त्यांना आधी विचारायचं. ते नको म्हणाले तर विषय संपला.

स्टॉकहोमच्या स्कोग्सशुर्कोगोर्डनमध्ये, म्हणजे तिथल्या वनदफनभूमीत, एका टेकडीवर झाडांच्या चौकोनात शांत बसायची जागा आहे. तिच्याकडे चढणाऱ्या पायऱ्या वर जाताना हळूहळू कमी उंचीच्या होत जातात, दुःखात आलेल्या माणसाला धाप लागू नये म्हणून. वाट आखताना मी स्वतःला हेच विचारते: इथे रडायला आलेल्या माणसाला आमच्या चालण्याचा त्रास होईल का?

आणि तुम्हाला आत यायचं नसेल, कारण काहीही असो, तर नकाशावर कुंपणाबाहेरची वाट तुटक रेघेने दाखवलेली असते. ती थोडी लांब पडते. आम्ही पलीकडच्या फाटकाशी तुमच्यासाठी थांबतो.