कसायाचं कव्हर: लॉस एंजेलिसमधले तीन दिवस आणि नऊशे डॉलरची झेरॉक्स

नऊशे डॉलर रोख मोजून मी बीटल्सच्या एका जुन्या रेकॉर्डच्या कव्हराची झेरॉक्स विकत घेतली. रंगीत, सुबक, मेहनतीने बनवलेली, पण झेरॉक्सच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या चिडीतून लिहिलंय आणि तुम्ही त्याच वाटेने जाणार असाल तर निदान तुमचे तरी वाचावेत.

नवशिक्यांसाठी हे नाही. मोनो आणि स्टिरिओ यांतला फरक, कॅटलॉग नंबर कुठे छापलेला असतो, हे माहीत आहे असं धरून चालतो. सहा तास उभं राहता येतं आणि जमिनीवरच्या खोक्यापुढे उकिडवं बसून पुन्हा कुणाच्या आधाराशिवाय उठता येतं, हेही धरतो. येत नसेल तर ऑनलाइन घ्या, गुडघे वाचतील. सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, प्लास्टिकची फूटपट्टी, बाहेरून घालायची दहा-बारा प्लास्टिक कव्हरं आणि बारा इंचांहून थोडे मोठे दोन कडक पुठ्ठे. माझ्याकडे हे सगळं होतं. भिंग हॉटेलवर होतं.

मी गेलो होतो बीटल्सच्या ‘यस्टरडे अँड टुडे’च्या मागे. ही रेकॉर्ड अमेरिका-कॅनडाच्या बाजारासाठी कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीने इकडची-तिकडची गाणी जुळवून काढलेली. रॉबर्ट व्हिटेकरने 25 मार्च 1966 ला लंडनमध्ये काढलेला फोटो कव्हरवर आला: चौघे कसायाच्या पांढऱ्या डगल्यांत, अंगाखांद्यावर कच्चं मांस आणि मुंडकी तुटलेल्या बाहुल्या. साडेसात लाखांच्या आसपास कव्हरं छापून झाली, आगाऊ प्रती रेडिओवाल्यांकडे आणि दुकानदारांकडे पोचल्या आणि बोंब झाली. जूनच्या मध्यावर कॅपिटलने माल परत मागवला. काही नष्ट केला. पण एवढा पुठ्ठा फेकायचा कशाला, म्हणून बऱ्याच कव्हरांवर नवा कागद चिकटवला. त्यावर एक उभी ठेवलेली उघडी ट्रंक, पॉल तिच्या आत आणि बाकीचे भोवताली. 20 जूनला रेकॉर्ड बाजारात आली ती ही ट्रंक घेऊन.

म्हणजे ट्रंकेच्या खाली कसाई. सगळा खेळ इथून सुरू होतो. ज्यावर काही चिकटवलंच नाही ते ‘फर्स्ट स्टेट’, चिकटवलेलं जसंच्या तसं आहे ते ‘सेकंड स्टेट’ म्हणजे पेस्ट-ओव्हर, आणि वरचा कागद सोलून काढलाय ते ‘थर्ड स्टेट’. फर्स्ट स्टेटचं स्वप्न तुम्ही-आम्ही बघायचं नाही. कॅपिटलचे तेव्हाचे प्रमुख ॲलन लिव्हिंगस्टन यांनी अशा प्रतींचं एक खोकं घरी नेलं होतं. 1986 मध्ये त्यांच्या मुलाने त्या न उघडलेल्या प्रती विकायला काढल्या, तेव्हापासून त्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच फिरतात. जॉन लेननची स्वतःची प्रत 2019 मध्ये लिलावात 2,34,000 डॉलरला गेली. त्या आकड्याकडे बघायचं आणि पुढे चालू लागायचं.

शुक्रवार अमीबा म्युझिक या रेकॉर्डच्या दुकानात गेला. मेट्रोच्या बी लाइनने हॉलिवूड/वाइन स्टेशनला उतरा, दुकान हाकेच्या अंतरावर आहे. कॅपिटलची ती गोल तेरा मजली इमारतही तिथून पाच मिनिटांवर, बाहेरून बघायला फुकट. दुकान स्वच्छ, एसी आहे, माणसं बरी, रेकॉर्डवर तिची अवस्था नीट लिहिलेली. दिवस छान गेला, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एकच लक्षात ठेवा, चिठ्ठीवरच्या किमतीवर सेल्स टॅक्स वेगळा लागतो, जवळपास दहा टक्के. काउंटरवर माझा चेहरा पडला तसा तुमचा पडू नये.

शनिवारी रेकॉर्डचा मेळा होता. कुठला ते लिहीत नाही. फ्रीवेला लागून असलेला एक मोठा हॉल, दीडेकशे टेबलं, डोक्यावर पिवळट दिवे. पहाटे सहापासून रांगेत होतो. पोटात फक्त कॉफी, पाठीवर पिशवी. आत शिरल्यावर पहिले दोन तास मी शहाण्यासारखा वागलो. चार ट्रंक-कव्हरं तपासली, चारही साधी निघाली.

पेस्ट-ओव्हर ओळखायची खूण सोपी आहे आणि ती पाठ करूनच जा. ट्रंकेच्या फोटोची पार्श्वभूमी पांढरी. खालच्या कसायाच्या फोटोत चौघांतल्या रिंगोने डगल्याच्या आत काळं घातलंय, त्याच्या गळ्याशी काळा ‘व्ही’ दिसतो. वरचा कागद पातळ, त्यामुळे उजव्या अंगाला, ट्रंकेच्या बाजूच्या पांढऱ्या जागेत तो ‘व्ही’ अंधुक उमटतो. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरा आणि कव्हर किंचित हलवा. खरा ‘व्ही’ जागचा हलत नाही. ‘या उजेडात दिसत नाही, घरी बघा’ असं कुणी म्हणालं तर रेकॉर्ड खाली ठेवा. उजेड कुठलाही असो, असेल तर दिसतो. मला दोघांनी हेच ऐकवलं. एकाने तर बोटाने हवेत ‘व्ही’ काढून दाखवला.

मग अकराच्या सुमारास ते टेबल. पांढऱ्या मिशीचा, मऊ बोलणारा माणूस. थर्ड स्टेट, मोनो, कॅटलॉग नंबर टी 2553. म्हणाला, चाळीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने वाफेवर सोललंय, म्हणून जरा सुरकुत्या आहेत. खरंच होत्या. वरच्या कोपऱ्यात गोंदाचा तपकिरी डाग, एका बाहुलीवरून गेलेली तिरपी घडी, खालच्या कडेला फाटलेल्या कागदाचे पांढरे ओरखडे. सगळं अगदी असायला हवं तसं. मी मागची बाजू बघितली, अस्सल. पुठ्ठा जुना, वास जुना. रेकॉर्ड काढून बघितली, लेबल बरोबर, ओरखडे मोजके. अकराशे सांगत होता. मी आठशे म्हणालो, तो हसला, मी पाकीट खिशात ठेवल्यासारखं केलं, त्याने हाक मारली आणि नऊशेला तुटलं. दोनशे डॉलर वाचवले म्हणून मी स्वतःवर इतका खूश होतो की जाड प्लास्टिकच्या कव्हरातून ते बाहेर काढायला मी सांगितलंच नाही. रेकॉर्ड तेवढी त्याने स्वतः, हलक्या हाताने, वरच्या तोंडातून सरकवून दाखवली होती.

इथेच थांबा आणि हे वाक्य दोनदा वाचा. प्लास्टिकमधून बाहेर काढल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. तो कितीही मऊ बोलू दे.

रात्री हॉटेलवर पाय वर करून बसलो आणि कौतुकाने कव्हरावरून बोट फिरवलं. तिरपी घडी बोटाला लागली नाही. पुन्हा फिरवलं. गुळगुळीत. गोंदाचा डाग गुळगुळीत, ओरखडे गुळगुळीत. सुरकुत्या होत्या, पण कागदाला नव्हत्या, चित्रात होत्या. कुणाच्या तरी खऱ्या सोललेल्या कव्हराची प्रत काढून, डागांसकट, घड्यांसकट, साध्या ट्रंक-कव्हरावर चिकटवली होती. मग भिंग काढलं. खऱ्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके ठरावीक कोनांत बसतात, भिंगाखाली बारीक फुलांसारखी नक्षी दिसते. माझ्या कव्हरावर कुणी रंगाची फवारणी केल्यासारखी नुसती वाळू होती.

म्हणजे बघा, 1966 मध्ये कॅपिटलच्या माणसांनी कसायावर ट्रंक चिकटवली आणि या गृहस्थाने ट्रंकेवर कसाई. रविवारी सकाळी त्याला फोन केला. पावतीवर ‘विकलेला माल परत नाही’ असं छापलंय, ते वाचा म्हणाला. वाचलं होतं. आवाज तसाच मऊ.

शनिवारी रात्री एक वेडेपणाही केला. बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ केली आणि ती झेरॉक्स सोलली. मनात अशी आशा की खाली निदान पेस्ट-ओव्हर असेल, म्हणजे झेरॉक्सखाली ट्रंक आणि ट्रंकेखाली खरा कसाई. अर्धा तास टॉर्च घेऊन रिंगोचा गळा शोधला. नाही. साधी ट्रंक. फायदा इतकाच की ओला कागद कसा वागतो ते कळलं, तर तेही सांगून ठेवतो. खरं पेस्ट-ओव्हर हाती लागलं तर ते स्वतः सोलू नका. वरचा कागद निघताना खालच्याची कातडी घेऊन येतो. झेरॉक्सबरोबर माझ्या ट्रंकेचा डावा कोपरा गेलाच. शिवाय न सोललेली पेस्ट-ओव्हर दिवसेंदिवस कमी होतायत, कारण प्रत्येकाला खालचं बघायची घाई. मला विचाराल तर सेकंड स्टेटच घ्यावं आणि सुखाने झोपावं.

रविवारी रोझ बोल स्टेडियमवरचा जुन्या वस्तूंचा बाजार, पॅसाडिना. महिन्याच्या दुसऱ्या रविवारीच असतो, तारीख बघून तिकीट काढा. लवकर आत जायचे जास्त पैसे पडतात, ते द्या. मी चिडलेला होतो, झोप नव्हती, जाऊ नये असं वाटत होतं, तरी उजाडताना पोचलो. दहानंतर तिथल्या डांबरावर उभं राहवत नाही आणि उन्हात ठेवलेल्या खोक्यांतल्या रेकॉर्डी वाकतात. दहानंतरच्या कुठल्याही खोक्यातली रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि इथे, भांडी आणि जुन्या टोप्या विकणाऱ्या एका बाईंच्या टेबलाखाली, मांजराच्या खाण्याच्या खोक्यात, ‘मामाज अँड द पापाज’ या बँडची 1966 ची पहिली रेकॉर्ड. चौघे बाथटबमध्ये, आणि उजव्या कोपऱ्यात संडासाचं भांडं, उघडंबोडकं! त्या भांड्यावरून तेव्हा ओरड झाली आणि पुढच्या छपाईत त्यावर गाण्यांची नावं लिहिलेली गुंडाळी छापून ते झाकलं. माझ्या हातात न झाकलेलं होतं. कडा झिजलेल्या, आतली रेकॉर्ड तर तव्यासारखी. सहा डॉलर. घासाघीस केली नाही, दहाची नोट दिली आणि सुटे परत घेतले नाहीत. त्या आनंदात मी म्हणेन की मेळेबिळे सगळे सोडा, फक्त रोझ बोलला जा. हा सल्ला कितपत खरा ते तुम्ही ठरवा, मी त्या दिवशी तरंगत होतो.

आता ‘बॅन्ड’ म्हणजे ‘बंदी घातलेलं’ या चिठ्ठीबद्दल, कारण तिन्ही दिवस ती दर दहा पावलांवर दिसली. कव्हर बदललं म्हणून ते दुर्मीळ होत नाही. बदलण्याआधी किती प्रती विकल्या गेल्या ते महत्त्वाचं. रोलिंग स्टोन्सच्या 1978 च्या ‘सम गर्ल्स’वरून ल्युसिल बॉल, रॅक्वेल वेल्श वगैरे मंडळींचे चेहरे नंतर काढावे लागले, पण चेहऱ्यांसह असलेली पहिली छपाई खोक्याखोक्यात पडलीय. तिला साठ डॉलर मागणाऱ्याला नमस्कार करा. लिनर्ड स्किनर्ड या बँडचं ज्वाळांचं कव्हरही तसंच. 17 ऑक्टोबर 1977 ला रेकॉर्ड आली, तीन दिवसांनी त्यांचं विमान पडलं, गायक रॉनी व्हॅन झँट आणि गिटारवाला स्टीव्ह गेन्स दोघेही गेले, मग ज्वाळा काढल्या. गोष्ट अंगावर येते आणि विक्रेते ती गोष्टच विकतात. कव्हर सहज मिळतं.

उलट डेव्हिड बोवीच्या 1974 च्या ‘डायमंड डॉग्ज’वर तो अर्धा माणूस, अर्धा कुत्रा दाखवलाय, त्या कुत्र्याचं लिंग न पुसलेलं कव्हर कुणी टेबलावर मांडलं असेल तर ते खोटं. नव्याण्णव नव्हे, शंभर टक्के. असल्या वस्तू मेळ्यात पिवळ्या दिव्याखाली येत नाहीत.

मधल्या पायरीवरचं हवं असेल तर दोन सुचवतो. मोबी ग्रेप या बँडची 1967 ची पहिली रेकॉर्ड, ज्यात ड्रमवाल्याचं मधलं बोट नंतर पुसलं गेलं. भिंग लागतं, बोट छोटं आहे. आणि ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’, तीही 1967 ची. सगळे पुढच्या बाजूचं केळ्याचं स्टिकर सोललंय का ते बघतात. तुम्ही कव्हर उलटून बघा. मागच्या फोटोत बँडच्या वर एका माणसाचा चेहरा-धड दिसतं. त्याने परवानगीशिवाय चित्र वापरल्याची तक्रार केली, मग कंपनीने त्यावर काळा कागद चिकटवला आणि पुढच्या छपाईत तो भाग रंगवून पुसला. चिकटवलेला कागद असेल तर कडेवरून नख फिरवा. हो, आता मी सगळ्यावरूनच नख फिरवतो.

सामान नेताना रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून वेगळ्या पाकिटात, कव्हराच्या मागे ठेवा, नाहीतर हिसक्याने आतून शिवण फाटते. दोन्हीकडून पुठ्ठे, आणि ती पिशवी हातात. विमानाच्या पोटात टाकू नका.

नऊशेतली एकच गोष्ट खरी निघाली, आतली रेकॉर्ड. मोनो, स्वच्छ, छान वाजते. सोललेली झेरॉक्स दोन वर्तमानपत्रांमध्ये दाबून वाळवलीय आणि आता तिला खरोखरच्या सुरकुत्या पडल्यात. विकणार नाही. कुणाला बघायची असेल तर दाखवीन, भिंग मात्र आपापलं आणा.