माग नवा, कांड्या भरणारा तोच

आठ महिने पैसे साठवून धाकट्या भावाला १२ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारा भाग, घेऊन दिलं. काल रात्री बसवलं, गेम लावला. आधी ५० एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळायचे, आता ५८. त्याचा चेहरा एवढासा झाला, माझा जीव तुटला.

आज दुपारभर दोघं त्यालाच भिडलो. सोलापूरचं ऊन, म्हणून पहिल्यांदा तापमान बघितलं. ठीक होतं. मग वापराचे आकडे लावले: कार्ड ५५ टक्के, प्रोसेसर ७० च्या आसपास. म्हणजे दोघंही मोकळे? इथंच फसगत होते. ७० ही सगळ्या कोरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या कामकऱ्यांची, सरासरी. एकेक कोर उघडून पाहिला तर एक ९९ वर अडकलेला. खात्रीसाठी रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, १०८०पी वरून ७२०पी वर आणलं. पिक्सेल निम्म्याहून कमी झाले, तरी एफपीएस ५८ च! कार्ड बिचारं वाट बघत बसलेलं. फ्रेममध्ये काय काढायचं हे प्रोसेसरनं सांगितल्याशिवाय ते काढणार काय?

अण्णांची हयात यंत्रमागावर गेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माग नवा आणलास, पण कांड्या भरणारा तोच हाय की." कांड्या म्हणजे मागाला सूत पुरवणारी रिळं; त्या भरून आल्या नाहीत तर माग थांबतो. इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

मग गेममधली गर्दी आणि दूरवरचं दृश्य कमी केलं, कारण तो भार प्रोसेसरवर पडतो. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारीक तपशील) मात्र बिनधास्त वाढवले, कारण तो भार कार्डाच्या मेमरीवर पडतो. एफपीएस जास्तीत जास्त ६० वर बांधले. चित्राला बसणारे झटके बरेच कमी झाले.

याच मदरबोर्डावर बसणारा आठ थ्रेडचा (एका वेळी आठ कामं हाताळणारा) प्रोसेसर जुन्या बाजारात शोधतोय. भाऊ अजून खेळतोय, जेवायला दोनदा हाक मारून झाली.