आवाजातले बारकावे आणि दोन स्पीकर

आजची अख्खी दुपार स्पीकर सरकवण्यात गेली. नवीन काहीही जोडलं नाही, तरी फरक चांगलाच ऐकू येतो.

आधी वायरी तपासा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर बास (खालचे, जाड स्वर) गळून पडतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विरघळतो. हे सुधारल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग जागा. दोन स्पीकरमध्ये २ मीटर अंतर असेल तर ऐकणाऱ्याचं डोकंही प्रत्येकापासून साधारण तेवढंच लांब हवं. ट्वीटर, म्हणजे उंच स्वर काढणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर. उंच स्वर सरळ रेषेत जातात, खाली ठेवलेल्या स्पीकरचे बारकावे गुडघेच ऐकतात!

खरी गंमत मागच्या भिंतीची. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून ६० सेंमी असेल, तर परतणारा आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला छेद देतो आणि तिथे खड्डा पडतो. अगदी चिकटवला तर बास फुगून मधले स्वर झाकतो. म्हणून १०-१० सेंमी सरकवत, ओळखीचं एकच गाणं लावून ऐकायचं.

बाजूच्या भिंतीवरूनही आवाज परततो; कुठून ते शोधायला तिच्यावर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून त्यात ट्वीटर दिसला की तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट. पातळ चादरीने काही होत नाही.

महागड्या वायरी? पाच मीटरपर्यंत २.५ चौरस मिमीची साधी तांब्याची वायर पुरते.